चोवीस ठोके

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक नळी डोळ्यांसमोर आणा. शहाळ्यात घालतात तशीच, पण जाड रबराची, करंगळी जेमतेम शिरेल एवढ्या पोकळीची. ती उभी धरा आणि वाढवत न्या. कौलांच्या वर, शाळेमागच्या नारळाच्या वर, मोबाईलच्या टॉवरच्याही वर. असे दहा टॉवर एकावर एक ठेवलेत तर जेवढं होईल, तेवढी ती उंच आहे. तिच्या टोकाला एक पांढरा फुगा आहे. दोन एसट्या एकीपुढे एक उभ्या केल्या तर होतील तेवढा लांब. एक मजबूत दोरी त्याला जमिनीशी बांधून ठेवते, आणि ही नळी त्या दोरीला सुतळीनं हातहातभर अंतरावर आवळलेली आहे.

आता त्या नळीत काठोकाठ पाणी भरा आणि खालचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा. अंगठ्यावर किती वजन आलं, सांगा बघू. साठ किलो. तुमच्या नखावर एक अख्खा मोठा माणूस उभा आहे.

उघडा डोळे. ती नळी मी पाहिली आहे. ती उभी करणाऱ्यांत मी होते. बत्तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी आजवर कुठल्याच वर्गात सांगितलेली नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेला एक उघडंबोडकं पठार आहे. काळा खडक, त्यावर बोटभर लाल माती, आणि वारा. तिथे आमच्या संस्थेचा प्रयोग चालला होता. उंचावरून पाण्याचे अगदी बारीक तुषार सोडले तर खालची हवा किती थंड होते, ते बघायचं होतं. पाणी विमानानं न नेता जमिनीवरून पंपानं चढवायचं, ही माझी कल्पना. दोन वर्षं मी त्या नळीमागे होते. आम्ही आधी दोनशे मीटर चढवलं, मग चारशे. त्या दिवशी पहिल्यांदा सहाशे चढवायचं होतं.

"आमच्या वाडीत हंडाभर पान्याला बाया दोन मैल जात्यात," गफूरभाई म्हणाले, "आन ह्या फुग्याला घरपोच साठ लिटर! पुढल्या जन्मी फुगाच व्हायला पायजे."

गफूरभाई मुल्ला विंचवर असत. विंच म्हणजे दोरी गुंडाळायचं आणि सोडायचं यंत्र, विहिरीवरच्या रहाटासारखं, पण डिझेलवर चालणारं. त्यांची जीभ त्या यंत्रापेक्षा जोरात चालायची.

"गप रं मुल्ला," केरबा म्हणाले. "माजी पोरगी मोजतीया."

केरबा डांगे आमचे मुख्य कारागीर. तेव्हा पन्नाशीचे. पंचवीस वर्षं त्यांनी विजेच्या उंच मनोऱ्यांवर तारा ओढल्या होत्या. तिथली एक युक्ती त्यांनी आमच्याकडे आणली होती. दोन मनोऱ्यांमधली तार किती ताणली आहे हे कसं कळणार? तारेला लाकडी दांडक्यानं एक फटका मारायचा. त्याची थरथर तारेवरून पळत पलीकडच्या मनोऱ्याला धडकते आणि परत येते. ती परत येईपर्यंत मोजायचं. तार ताठ असेल तर लवकर येते, ढिली किंवा जड असेल तर रेंगाळते.

आमच्या दोरीलाही हे लागू पडलं. नळी पाण्यानं भरली की दोरी जड व्हायची आणि थरथर उशिरा यायची. नळी रिकामी झाली की लवकर. म्हणजे नळीत पाणी आहे की नाही हे खालूनच, एका दांडक्यावर कळायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

पण केरबांच्या तळहातांना घट्टे पडले होते. "माज्या हाताला इंगळ ठेवला तरी पत्ता लागायचा न्हाई," ते म्हणायचे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते आपल्या मुलीला घेऊन आले. हौसा तिचं नाव. अकरा वर्षांची, सहावीत. शाळेच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत असायची, त्यामुळे तिच्या पायात ठेका पक्का बसलेला. ती दोरीला गाल लावायची, उजवा पाय लेझीमच्या ठोक्यावर टेकत राहायची आणि मोजायची. थरथर आली की तिचा गाल उडायचा. सहाशे मीटरवर रिकाम्या नळीला एकवीस ठोके. दहा वेळा मोजलं तरी एकवीस.

त्या सकाळी पंप लावला. नळीच्या तळाशी बसवलेला दाबाचा काटा चढत गेला, वीस, चाळीस, साठ, आणि त्याही वर. नळी फुगून घट्ट झाली, तिच्यावरची सुतळी करकरली. मग फुग्याखाली, इतक्या उंचावर, एक पांढरी पिंजलेल्या कापसासारखी शेपटी दिसू लागली. सकाळच्या उन्हात तिच्यात इंद्रधनुष्याचा एक तुकडा उभा राहिला. केरबांनी टोपी काढली. गफूरभाई विंचवरून उठून उभे राहिले.

"हौसे, मोज," केरबा म्हणाले.

तिनं दांडकं मारलं, गाल लावला.

"सव्वीस," ती म्हणाली.

"भरली," मी म्हणाले, आणि वहीत लिहिलं. भरलेली सव्वीस, रिकामी एकवीस.

त्या दिवशी दुपारी ती माझ्याशेजारी डबा खायला बसली. तिला मी आवडायचे, हे मला ठाऊक होतं. मी तिला रोज काहीतरी शिकवायचे. आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं की पाणी तळाशीच जास्त का दाबतं, आणि मी तिला तेलाच्या डब्याला वरखाली तीन भोकं पाडून दाखवलं होतं. खालच्या भोकातली धार सगळ्यांत लांब पडली तेव्हा ती हसत सुटली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमी आमच्या शाळंत का येत न्हाई? आमच्या गुरुजीला विचारलं की म्हणत्यात, पाठ कर."

"तुझ्या गुरुजींना सांग, फुगा पाठवून देते."

"त्यो बी पाठ करा म्हणतील."

वारा त्या दुपारी अगदी पडला होता. वर फुगा आळसावल्यासारखा स्वतःभोवती हळूहळू फिरत होता. मी तो फिरताना पाहिला. जेवता जेवता पाहिला आणि पुन्हा डब्यात बघितलं.

तीनच्या सुमाराला वाऱ्यानं पुन्हा डोकं वर काढलं. पश्चिमेकडून येत होता आणि वाढणार होता. तो फार वाढायच्या आत फुगा खाली घ्यायला हवा होता, नाहीतर आमची दोन वर्षं त्याच्याबरोबर पार साताऱ्यापलीकडे गेली असती. फुगा खाली घ्यायचा तर आधी पंप बंद करायचा, नळीतलं पाणी सोडून द्यायचं, मग नळीचा खालचा लोखंडी जोड पंपापासून उघडायचा, आणि मग दोरी नळीसकट विंचवर गुंडाळायची.

मी पंप बंद केला. खालचा निचऱ्याचा कॉक उघडला. पाणी फुसांडत बाहेर आलं, खडकावरून उताराला लागलं, मातीत लाल होऊन नाहीसं झालं. धार बारीक होत गेली. थेंब थेंब, मग थेंबही नाही. काटा शून्यावर आला. किती पाणी आलं ते कुणी मोजलं नाही. बादलीत धरलंच नव्हतं.

थेंब थांबला की कॉक लगेच बंद करायचा, हा माझा नियम. उघडा राहिला तर पठारावरची धूळ नळीत शिरायची आणि वरच्या सुईएवढ्या तोंडात अडकायची. मी कॉक बंद केला.

"हौसे, मोज," केरबा पाना हातात घेत म्हणाले. जोड उघडायच्या आधी मोजायचं, हा त्यांचा नियम.

तिनं दांडकं मारलं. पाय टेकत राहिली. मी वहीत 'एकवीस' लिहायला पेन टेकवलंच होतं.

"चोवीस," ती म्हणाली.

"एकवीस," मी म्हणाले.

"न्हाई बाई. चोवीस."

"वाऱ्यात चुकलं असेल. पुन्हा मोज."

पुन्हा दांडकं, पुन्हा गाल. तिचा गाल उडाला तेव्हा मी बघत होते. "चोवीस."

केरबांनी पाना खाली ठेवला. "मॅडम, वर पानी हाय."

"कसं असेल केरबा? काटा बघा. शून्य." मी कॉक पुन्हा उघडून दाखवला. थेंब आला नाही. खाली हात धरला, कोरडा. "पाणी असतं तर इथून आलं नसतं का? साठ किलोच्या जोरानं आलं असतं."

"त्ये बी खरं," केरबा म्हणाले, पण हातात पाना घेतला नाही. कॉक मी पुन्हा बंद केला.

"केरबा, वारं बगा," विंचवरून गफूरभाई ओरडले. "फुगा खाली घ्यायचा हाय का साताऱ्याला पाठवायचा हाय?"

केरबा माझ्याकडे बघत होते, मग हौसाकडे. त्यांच्यापुढे एक जोड होता, त्याच्यावर छाती झुकवून तो उघडायचा होता, आणि वर पाणी असेल तर तो जोड तोफेच्या तोंडासारखा होता. हे ते जाणत होते. मीही जाणत होते. पण मला ठाऊक होतं की वर पाणी नाही. काटा शून्य होता.

"मग तीन ठोकं जास्ती का, बाई?" हौसानं विचारलं.

प्रश्न चांगला होता. चांगला प्रश्न आला की मला राहवायचं नाही. मी एक सुटी दोरी घेतली, तिचं एक टोक जीपच्या बंपरला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं.

"ताणून धर. मी मारते. आली थरथर?"

"आली. लगीच."

"आता वारा दोरीला असा ढकलतोय, समज." मी मधोमध हात घालून दोरीला पोट काढलं. "आता सरळ वाट राहिली का?"

"न्हाई. वळसा पडला."

"मग वळशानं जाणाऱ्याला उशीर होणार की नाही? तुमच्या वाडीला डोंगरावरून गेलं तर लवकर, आणि रस्त्यानं गेलं तर?"

"उशीर." तिचे डोळे मोठे झाले. "म्हंजी पानी न्हाईच. वारंच हाय!"

"सकाळी एवढा वारा नव्हता, म्हणून सगळं नेमकं आलं. आत्ता आहे, म्हणून तीन ठोके उशीर. पटलं?"

"पटलं," ती म्हणाली.

तो शब्द, आणि तो म्हणताना तिनं हलवलेली मान. वर्गात अजून कुणी मूल पटकन 'पटलं बाई' म्हणालं की माझा खडू फळ्यावर थांबतो. मुलांना वाटतं, बाई पुढचं विसरल्या.

केरबा अजून उभेच होते. त्यांनी मला विचारलं नाही. माझं शिकवणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं, पण त्यांचा विश्वास मोजणाऱ्यावर होता.

"हौसे," ते म्हणाले, "काय करू गं? उघडू?"

आपल्या बापानं इतकी मोठी गोष्ट आपल्याला विचारली म्हणून ती ताठ उभी राहिली.

"उघडा आबा," ती म्हणाली. "बाई म्हणत्यात त्ये बरोबर हाय."

केरबांनी पाना लावला. जोड दोन आटे फिरला. मी काट्याजवळ उभी होते. तेवढ्यात वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, आणि वरून, खूप उंचावरून, एक आवाज आला. फाटल्याचा नव्हे. ओल्या कापडाला पीळ देऊन सोडावा, तसा.

"फिरला की वो फुगा," गफूरभाई म्हणाले. "गरागरा फिरला. चक्कर आली वाटतं त्याला."

आम्ही वर पाहिलं. फुगा स्वतःभोवती तीन वेढे उलटा फिरून वाऱ्याकडे तोंड करून स्थिर झाला होता. किती छान, मला वाटलं. आता सरळ उभा राहिला. केरबांनी पुन्हा पाना धरला.

मुलांनो, त्यानंतर सुमारे एक मिनिट काहीही झालं नाही. त्या मिनिटाकडे मी अजून परत परत जाते. गफूरभाईंनी विंचचं इंजिन चालू केलं. हौसा माझी सुटी दोरी बंपरवरून सोडत होती, पुन्हा एकदा पोट काढून बघत होती. केरबा जोडाचा आटा मोकळा करत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. वरच्या चारशे मीटरमधलं पाणी तोवर खाली निघालं होतं. आपल्याखालची हवा दाबत, दाबत, दाबत. ती हवा जाणार कुठे? खाली कॉक मी बंद केलेला.

काटा हलला. शून्यावरून जरासा. मला वाटलं, इंजिनाच्या हादऱ्यानं. मग पाच. मग पंधरा. मी तोंड उघडलं. केरबांचं नाव माझ्या तोंडात होतं.

आवाज आला तो मला आठवत नाही. जोड उडाला हे मी पाहिलं नाही. मला एवढंच दिसलं की नळी जमिनीवर सापासारखी उसळ्या मारत होती आणि केरबा जिथे वाकले होते तिथे नव्हते. ते पाच पावलं मागे पाठीवर पडले होते. नळीचं लोखंडी तोंड त्यांना छातीत लागलं होतं. मग पाणी आलं. चाळीस लिटर पाणी, पांढरं, फेसाळ, आम्हा सगळ्यांवर. ते संपायला बराच वेळ लागला. हौसा दोरीचं टोक हातात धरून भिजत उभी होती.

गफूरभाईंनी जीप हाकली. मी मागे केरबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हौसा त्यांच्या पायाशी. घाटाच्या तिसऱ्या वळणावर केरबांचा हात माझ्या हातात जड झाला. मी कुणाला सांगितलं नाही. साताऱ्याला पोचेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला, कारण हौसा विचारत होती, "बाई, आबा झोपलं का?" आणि मी म्हणत होते, "हो."

दुसऱ्या दिवशी फुगा खाली घेतला तेव्हा नळी पाहिली. दोनशे मीटरच्या खुणेजवळ ती चपटी झाली होती. दुपारी वारा पडला असताना फुगा जेवणाच्या वेळी स्वतःभोवती फिरला, तेव्हा नळीनं दोरीला तीन वेढे घेतले आणि पिळून तिची पोकळी बंद झाली. पिळाच्या खालचं पाणी आम्ही सोडलं. काटा खालच्या पाण्याचा होता; खाली पाणी नव्हतं, तो खरं बोलत होता. पिळाच्या वर चाळीस लिटर तसंच टांगलेलं राहिलं, झोतानं फुगा उलटा फिरून पीळ सुटेपर्यंत. ते फक्त एका जणीला कळलं होतं. तिला ते दोरीनं सांगितलं होतं, आणि तिला मी दुसरं काहीतरी समजावलं होतं. इतक्या सोप्या भाषेत, इतक्या मायेनं, की तिला पटलं.

अकरा दिवसांनी संस्थेचे दोन अधिकारी चौकशीला यायचे होते. झालं कसं, ते त्यांना जागेवर बघायचं होतं. म्हणून सकाळीच फुगा पुन्हा वर सोडला होता. नळी तीच, चपटा भाग कापून सांधलेली, नवा जोड लावलेली, कोरडी, रिकामी. वारा त्या दिवशीपेक्षाही जोराचा होता. दोरी पूर्वेकडे कलली होती आणि तिच्यातून एक सलग हुंकार निघत होता, कुणी ओठ मिटून रडावं तसा. गफूरभाई विंचवर बसले होते. अकरा दिवसांत मी त्यांचा एकही विनोद ऐकला नव्हता.

दहाच्या सुमाराला हौसा आली. तिच्या चुलत्यानं तिला आणलं होतं, केरबांच्या वस्तू न्यायला. त्यांचं घोंगडं, डबा, पान्यांची पिशवी. गफूरभाईंनी एक एक वस्तू तिच्या हातात दिली, मान वर न करता. चुलता पिशवी घेऊन सायकलीकडे गेला. ती तिथेच उभी राहिली.

मी तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते मी अकरा दिवस ठरवत होते.

"हौसा," मी म्हणाले.

"आई म्हणती, कुनाचा दोस न्हाई," ती लगेच म्हणाली. पाठ केल्यासारखं. मग खाली बघत, "आबांनी मला इचारलं हुतं. मीच म्हनले, उघडा."

"तू चोवीस म्हणाली होतीस."

ती पायाच्या बोटानं खडा उकरू लागली.

"दोनदा म्हणालीस. चोवीसच बरोबर होते, हौसा." मी तिला नळीचा तो भाग दाखवला. कापून तो मी बाजूला ठेवला होता. चपटा झालेला, पिळाच्या तीन तिरक्या रेघा उमटलेला. "हे बघ. इथं नळी बंद झाली होती. वर पाणी होतं. तुला कळलं होतं, मला नाही. चूक माझी आहे. तुझी नाही."

ती खाली बसली. त्या तीन रेघांवरून तिनं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मला वाटलं, आता ती रडेल. मी हात पुढे केला होता.

"मग वारं?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमी म्हनला हुता, वाऱ्यानं वळसा पडतो. उशीर हुतो. दोरी धरून दावलं हुतं. त्ये बी खोटं?"

अकरा दिवस मी पिळाचा विचार केला होता. कॉकचा, त्या मिनिटाचा, काट्याचा, केरबांच्या हाताचा. त्या वळशाचा विचार मी एकदाही केला नव्हता.

"खोटं नाही," मी म्हणाले. "थोडा उशीर होत असेल वाऱ्यानं. तीन ठोके नाही. थोडासा."

"थोडा म्हंजी किती?"

"ते... ठाऊक नाही."

"मोजलं न्हवतं?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही, हौसा."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फळ्यावर लिहिलेलं एखादं गणित पहिल्यांदाच नीट वाचावं तसं. मग उठली, नळीचा तुकडा दगडावर ठेवला, आणि कललेल्या, हुंकारणाऱ्या दोरीकडे गेली. दांडकं तिथेच पडलेलं होतं. तिकडून चुलत्यानं हाक मारली, "हौसे, चल की." तिनं ऐकलं नाही.

तिनं दांडकं मारलं. गाल लावला. उजवा पाय टेकू लागली.

मी मनात मोजत होते. दहा. वारा माझ्या कानांत भरला होता. पंधरा. एकवीस यावेत, मी मनात म्हणत होते, किंवा बावीस. निदान बावीस तरी येऊ देत. अठरा. एकोणीस.

विसाव्या ठोक्याला तिचा गाल उडाला.

उशिरा नाही. लवकर. वाऱ्यानं फुगा ओढला की दोरी ताणते, आणि ताणलेल्या दोरीवरून थरथर पळतच येते. पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराच्या बोटाला हे ठाऊक असतं. आणि दोरी वाकली म्हणून तिची लांबी वाढत नाही. सहाशे मीटर ते सहाशेच मीटर. मी शिकवलं होतं ते अपुरं नव्हतं, ते उलटं होतं. त्या दुपारी वारा होता, तरीही चोवीस आले होते. म्हणजे वाऱ्यात तर दोरीनं, वर पाणी आहे हे जास्तच मोठ्यानं ओरडून सांगितलं होतं.

"वीस," हौसा म्हणाली. मला नाही, गफूरभाईंनाही नाही.

चुलता पुन्हा हाक मारत होता. तिनं दोरीवरचा गाल काढून बाहीनं पुसला, परकर खोचला, पाय नीट रोवले, आणि दांडकं पुन्हा उचललं.